१९१७ सालची ट्रायम्फ मॉडेल एच: चालकाला सोबत घेऊन चालणारे यंत्र

मूळ लेख

गेल्या महिन्यात एका संग्राहकाच्या कार्यशाळेत १९१७ साली बनलेली ट्रायम्फ मॉडेल एच ही मोटारसायकल मला अगदी हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाली. सहा वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे आली तेव्हा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स आणि पोचे पडलेली एक टाकी एवढाच ऐवज होता. इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरात गंजून इतका घट्ट बसला होता की तो सोडवायलाच कित्येक आठवडे लागले. आज ती गाडी स्वतःच्या ठिणगीवर सुरू होते आणि रस्त्यावर धावते. पाहून आल्यापासून तिच्याविषयी सविस्तर लिहायचे मनात होते, ते आज होत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ट्रायम्फ ही इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीची कंपनी. जर्मनीतून आलेल्या झिगफ्रीड बेटमान यांनी ती उभी केली आणि मॉरित्झ शुल्टे हे त्यांचे तिथले सहकारी. आधी सायकली बनवणाऱ्या या कारखान्याने १९०२ साली बेल्जियमचे मिनर्व्हा इंजिन बसवून पहिली मोटारसायकल काढली आणि १९०५ मध्ये स्वतःचे इंजिन तयार केले. मॉडेल एच १९१५ साली आली. पहिल्या महायुद्धात लष्करी निरोप्यांसाठी या गाडीला प्रचंड मागणी आली आणि सुमारे ३०,००० गाड्या दोस्तसैन्याकडे गेल्या. खंदकांच्या मागच्या चिखलातून, तोफांनी उखडलेल्या रस्त्यांवरून निरोप पोचवणाऱ्यांनी तिला ‘ट्रस्टी’, म्हणजे भरवशाची, असे नाव दिले. हे नाव जाहिरातीत नंतर मिरवले गेले असले, तरी ते कमावलेले नाव होते असेच मी मानतो.

आता यंत्राकडे वळतो. ८५ मिलिमीटर व्यासाचे आणि ९७ मिलिमीटर चालीचे, ५५० सीसीचे एकच उभे सिलिंडर आहे. सिलिंडर आणि त्याचे डोके बीडाच्या एकाच ओतकामातले आहे, त्यामुळे आत साचलेली काजळी काढायची झाल्यास डोके वेगळे निघत नाही, अख्खे सिलिंडरच उचलावे लागते. दोन्ही झडपा सिलिंडरच्या कुशीत शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि त्या बाहेर काढण्यासाठी वर आट्यांची दोन झाकणे दिलेली आहेत. झडपांच्या स्प्रिंगा उघड्या आहेत. इंजिन चालू असताना गुडघ्यावर बसून पाहिले की झडपेला खालून ढकलणारा टॅपेट वर जातो, स्प्रिंग दबते, झडपेचा दांडा क्षणभर उचलला जातो आणि पुन्हा खाली बसतो, हे सगळे डोळ्यांना एकेक करून दिसते. इंजिन इतके संथ चालते की पाहणारा ठोके मोजू शकेल. चारचाकी किंवा दुचाकी, कोणत्याही नव्या गाडीत हे दृश्य पाहायला मिळत नाही. शाळेत फळ्यावर काढलेली चार टप्प्यांची आकृती मी पहिल्यांदा इथे प्रत्यक्ष हलताना पाहिली.

संग्राहकांनी गाडी सुरू केली तो क्रम मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिला. त्यांनी प्रथम टाकीखालचा पेट्रोलचा नळ उघडला. मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) डबीवरची बारीक खुंटी बोटाने दाबून धरली. पेट्रोल काठाशी येऊन एक थेंब बोटावर पडला तेव्हाच ती सोडली. हवेचा खटका जवळजवळ बंद, पेट्रोलमिश्रणाचा खटका किंचित उघडा आणि ठिणगीचा खटका मागे, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा घेतला. त्यानंतर डाव्या हाताने एक्झॉस्टची झडप उचलून धरणारा खटका दाबला. सिलिंडरमधला दाब निघून गेल्यामुळे किकचा दांडा सहज खाली जाऊ लागला, आणि तो अर्ध्यावर असताना त्यांनी खटका सोडला. पहिल्या वेळी नुसता एक फुसकारा आला. दुसऱ्या वेळी इंजिनाने एक ठोका घेतला, जरा थांबल्यासारखे वाटले, मग दुसरा, मग तिसरा, आणि ते आपल्या लयीत आले. त्यांचा हात तेवढ्यात ठिणगीच्या खटक्याकडे गेलेलाही होता. तो त्यांनी हळूहळू पुढे सारला आणि हवा थोडी उघडली, तसा आवाज घट्ट आणि गोल झाला.

मला सांगायचे आहे ते नेमके इथेच आहे. ठिणगी केव्हा पडावी, मिश्रणात हवा किती असावी, इंजिनाला तेल किती मिळावे, हे सगळे आजच्या गाडीत संवेदक आणि पंप ठरवतात. मॉडेल एचमध्ये ते चालक ठरवत असे आणि तेही गाडी चालवता चालवता. तेलाचेच पाहा. वापरलेले तेल गाळून पुन्हा फिरवण्याची सोय इथे नाही. टाकीच्या एका कप्प्यात तेल असते, दर काही मैलांनी चालकाने हातपंप दाबायचा, ते तेल इंजिनाच्या पेटीत जाते, आतली चाके ते सगळीकडे उडवतात आणि शेवटी ते जळून किंवा गळून संपते. चढ लागला की एक दाब अधिक, उतारावर कमी. मागे वळून पाहिल्यावर धुरात निळसर झाक दिसली तर तेल पुरेसे आहे; काहीच दिसले नाही तर हात ताबडतोब पंपाकडे जायला हवा. ते गृहस्थ म्हणाले की दुरुस्तीची सहा वर्षे त्यांना जितकी शिकवून गेली नाहीत तितके पहिल्या पन्नास मैलांनी शिकवले, कारण तोपर्यंत यंत्र पूर्ण झालेलेच नव्हते, चालक नावाचा भाग त्यात बसायचा होता.

त्यांनी केलेल्या निवडींचेही मला फार कौतुक वाटले. हँडल, खटके आणि नळ्यांवर निकेलचा मुलामा आहे, क्रोमचा नाही. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यामुळे १९१७ च्या गाडीवर ती निळसर, आरशासारखी चकाकी दिसली की ती मागाहून चढवलेली आहे हे जाणकाराला लांबूनच कळते. निकेलची चमक किंचित पिवळसर आणि ऊबदार असते. ती रोज पुसावी लागते, नाहीतर मंदावते. बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेटोही मूळचाच ठेवला आहे. आत आधुनिक इलेक्ट्रॉनिक मंडल (सर्किट) लपवून बसवणे सोपे होते, तो मार्ग त्यांनी घेतला नाही.

ज्यांनी अशा यंत्रांवर काम केले आहे किंवा ती चालवली आहेत त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

प्रतिसाद १

लेख मनापासून आवडला. आपण मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पट्ट्याचा उल्लेख केला नाही, म्हणून त्याविषयी लिहितो. मॉडेल एचमध्ये इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत साखळी आहे, पण गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत रबर आणि कॅनव्हासचा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पट्टा आहे. आज हे विचित्र वाटते, परंतु त्यामागे विचार होता. एका सिलिंडरच्या इंजिनात चार टप्प्यांपैकी एकाच टप्प्यात जोर मिळतो, म्हणजे प्रत्येक दोन फेऱ्यांत एक धक्का. साखळी हा धक्का जसाच्या तसा मागच्या चाकाला देते. पट्टा मात्र किंचित ताणतो, किंचित सरकतो आणि धक्का गिळून टाकतो. शिवाय त्याला तेल लागत नाही आणि त्याचा आवाज होत नाही.

दोष पावसात दिसत असे. पट्टा ओला झाला की पुलीवर घसरतो, चिखल लागला की झिजतो, लांबला की कापून पुन्हा जोडावा लागतो. त्यामुळे जास्तीचा पट्टा आणि जोडणीचा आकडा जवळ बाळगणे हे चालकाचे नित्याचे काम होते. साखळीच्या बाजूने पहिला मोठा कौल १९११ साली मिळाला, असे मला वाटते. त्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीचा मार्ग स्नेफेल डोंगरावरून नेला गेला आणि मोठ्या इंजिनांच्या सीनियर गटात अमेरिकेच्या इंडियन गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्यांच्याकडे दोन गतींचा गिअर आणि साखळी होती. चढावर एकाच गतीने आणि पट्ट्याने निभावणे किती कठीण आहे हे त्या एका दिवसाने सगळ्यांना दाखवून दिले. तरीही ट्रायम्फने शेवटच्या टप्प्यातला पट्टा सोडला तो १९२० मध्ये आलेल्या एसडी या मॉडेलमध्ये, आणि तिथेही साखळीचा धक्का शोषण्यासाठी क्लचजवळ स्प्रिंगची योजना करावी लागली. एसडी या नावातला ‘एस’ त्या स्प्रिंगचाच आहे. पट्ट्यातला गुण त्यांनी सोडला नाही, तो स्प्रिंगेत उतरवला.

प्रतिसाद २

ठिणगीचा खटका मागे घेण्याविषयी आपण लिहिलेत, त्यात एक सावधगिरीची सूचना जोडावीशी वाटते. अशाच काळातली, दुसऱ्या बनावटीची ५०० सीसीची एक गाडी मी काही वर्षे सांभाळली. एकदा थंड सकाळी घाईत खटका पुढेच राहिला आणि मी पूर्ण भार देऊन किक मारली. दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पडली, मिश्रण पेटले आणि इंजिन उलटे फिरले. किकचा दांडा ज्या जोराने वर आला तो मला अजून आठवतो. घोट्याचे हाड मोडले नाही, पण सुजेमुळे तीन आठवडे नीट चालता आले नाही.

कारण समजून घेतले की चूक पुन्हा होत नाही. मिश्रण पेटायला ठराविक वेळ लागतो. इंजिन वेगात असेल तर तेवढ्या वेळात दट्ट्या बराच पुढे गेलेला असतो, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. किक मारताना मात्र इंजिन जवळजवळ थांबलेले असते. तेव्हा आधी पडलेली ठिणगी म्हणजे वर येणाऱ्या दट्ट्याच्या तोंडावर मारलेला तडाखा ठरतो. अशी गाडी शिकवताना मी नेहमी सांगतो की हाताने खटका चाचपल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

प्रतिसाद ३

मॅग्नेटो मूळचा ठेवला, हे वाचून आनंद झाला. माझे काम याच विषयातले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

बॅटरी नाही, दिव्याची तार नाही, तरीही हजारो व्होल्टची ठिणगी पडते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. नालाच्या आकाराच्या चुंबकांच्या दोन टोकांमध्ये लोखंडाच्या पत्र्यांचा एक गाभा फिरतो. त्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. गाभा फिरताना जाड तारेत वीज निर्माण होते, आणि ती ऐन भरात असते नेमक्या त्याच क्षणी प्लॅटिनमचे टोक असलेला एक चिमुकला संपर्क उघडतो. प्रवाह एकाएकी तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळते आणि त्या धक्क्याने बारीक तारेत इतका विद्युतदाब उसळतो की प्लगच्या टोकांमधली फट ओलांडून ठिणगी उडते. हे उच्चदाबाचे मॅग्नेटो जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बॉश कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास सिद्ध केले, आणि महायुद्धापूर्वी ब्रिटिश गाड्यांमध्ये सर्रास बॉशचेच मॅग्नेटो असत. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच हा पुरवठा बंद झाला आणि ब्रिटिश उद्योगाला हे नाजूक यंत्र घाईने स्वतः बनवायला शिकावे लागले. विमाने, लष्करी ट्रक आणि मोटारसायकली या सगळ्यांनाच ते हवे होते. १९१७ ची कुठलीही ब्रिटिश गाडी पाहताना तिचे मॅग्नेटो कुठल्या बनावटीचे आहे हे मी आधी पाहतो, कारण त्या एका वस्तूत त्या वर्षांची सगळी ओढाताण दिसते.

आता दुरुस्तीबद्दल. शंभर वर्षांनंतर असे मॅग्नेटो बहुधा तीन कारणांनी रुसते. चुंबक क्षीण झालेले असतात. ते पुन्हा भारून घेता येतात. बारीक तारेवरचे लाखेचे वेष्टण ऊब आणि दमट हवेने मऊ होऊन चिकट होते. त्यावर नवे वेढे घालण्यावाचून उपाय नाही. तिसरे आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे गाभ्यात दडवलेला अभ्रकाचा किंवा कागदाचा कंडेन्सर, म्हणजे विजेचा भार क्षणभर साठवणारा भाग. तो खराब झालेला असला तर थंड असताना गाडी झकास सुरू होते, दहा मैल चालते आणि इंजिनाची ऊब मॅग्नेटोपर्यंत पोचली की बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. मालक कार्ब्युरेटर उघडत बसतो आणि दोष असतो भलतीकडेच. वेढे नवे घालताना आधुनिक वेष्टणाची तार आणि नवा कंडेन्सर वापरण्यात मला काहीच गैर वाटत नाही, कारण यंत्राची कार्यपद्धती त्याने बदलत नाही. आत इलेक्ट्रॉनिक मंडल बसवणे मात्र मला पटत नाही, कारण मग तो नालाच्या आकाराचा चुंबक केवळ शोभेपुरता उरतो.

प्रतिसाद ४

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते आदरपूर्वक मांडतो. लष्करासाठी बनलेल्या गाडीला मूळचा खाकी-हिरवा रंग असणार. आपण निकेलच्या चमकेविषयी आणि रोज पुसण्याविषयी लिहिले आहे, त्यावरून ही गाडी आता नागरी रूपात सजवलेली दिसते. १९१७ साल, लष्करी कामगिरी आणि झगझगीत हँडल या तिन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. शिवाय सांगाड्यावर जुना रंग शिल्लक असेल तर तो खरवडून नवा रंग भट्टीत भाजणे म्हणजे मूळ पुरावा कायमचा पुसणे होय. गंज रोखून, तेलाचा हात देऊन, आहे तसाच पृष्ठभाग राखणे हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. गाडी पुन्हा दुरुस्त करता येते, पण मूळ रंग पुन्हा मिळत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे आणि मीही तोच प्रश्न संग्राहकांना विचारला होता. युद्ध संपल्यावर लष्कराकडच्या पुष्कळ गाड्या विकल्या गेल्या आणि दुरुस्त होऊन, पुन्हा रंगवून नागरी वापरात आल्या. या गाडीच्या सांगाड्यावर वरच्या थरांखाली हिरवट खाकीचे अवशेष होते, पण टाकीवर त्याच्याही वर जुना राखाडी रंग आणि हिरवा पट्टा सापडला, म्हणजे तिचे आयुष्य दोन अवतारांत गेले होते. त्यांनी दुसरा अवतार निवडला, कारण टाकी, हँडल आणि चाके यांच्यावर त्याच काळाच्या खुणा जास्त होत्या. टाकी सांगाड्याला जिथे टेकते त्या पट्टीखालचा टाकीचा तळहाताएवढा भाग त्यांनी मुद्दाम न रंगवता ठेवला आहे. पट्टी सैल केली की तिथे खाकी, त्यावर राखाडी आणि त्यावर आणखी कुणीतरी ब्रशने फासलेला काळा असे तीन थर एकाखाली एक दिसतात. सगळा सांगाडा आहे तसाच राखावा, या आपल्या मताला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की पाइपांच्या जोडांतले झाळकाम आतून गंजले होते. ते उघडून पुन्हा झाळल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे होते, आणि भट्टीच्या आचेत जुना रंग टिकला नसता. गाडी जर केवळ जपून ठेवायची असती तर मी आपल्याशी सहमत झालो असतो.

प्रतिसाद ५

टाकीच्या कामाविषयी एक सूचना, कारण हा धागा वाचून कुणी नव्याने हात घालील. जुनी टाकी पत्र्याची, कथिल-शिशाच्या डागांनी जोडलेली असते. वर्षानुवर्षे रिकामी असली तरी तिच्या सांध्यांत पेट्रोलची वाफ दडून राहते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. डाग देण्यापूर्वी ती गरम पाण्याने आणि साबणाने अनेकदा धुवावी आणि डाग देताना, जिथे काम चालू आहे तेवढी जागा सोडून, पाण्याने भरून ठेवावी.

आट्यांचेही तसेच आहे. या गाडीत सायकल उद्योगाच्या मापाचे आटे आहेत, ज्यांचा कोन ६० अंशांचा असतो आणि बऱ्याच मापांना इंचाला २६ आटे असतात. त्याच काळातल्या व्हिटवर्थ या दुसऱ्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. नट दोन फेरे बसला म्हणून तो त्याच मापाचा आहे असे समजून पाना लावणाऱ्यांनी इतके मूळ भाग नासवले आहेत की त्याची मोजदाद नाही. आट्यांचे माप घेण्याची पट्टी आधी, पाना नंतर.

प्रतिसाद ६

मॉडेल एच ही त्या काळातली तांत्रिकदृष्ट्या सर्वांत पुढारलेली गाडी होती असा समज या धाग्यातून होऊ नये, म्हणून दोन गोष्टी मांडतो. बेल्जियमच्या एर्स्टाल इथल्या एफएन कंपनीने पॉल केलेकॉम यांच्या आराखड्यावरून १९०५ मध्येच चार सिलिंडरांची गाडी काढली होती आणि तिच्या मागच्या चाकाला जोर साखळीने किंवा पट्ट्याने नव्हे, फिरणाऱ्या दंडाने (शाफ्टने) मिळत होता. इंग्लंडातच आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्या १९०८ पासूनच्या गाडीत दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक (चारऐवजी दोन टप्प्यांचे) इंजिन होते आणि किक होती. स्कॉट गाड्यांनी १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षे सीनियर टीटी जिंकली. यांच्याशेजारी मॉडेल एच ठेवली तर तिचे एकच सिलिंडर, बाजूच्या झडपा आणि पट्टा जुनाट दिसतील.

मग सैन्याने हीच का निवडली, याचे उत्तर मला तिच्या साधेपणात दिसते. जिथे दुरुस्तीचे साहित्य म्हणजे खिशातली पेटी आणि प्रकाश म्हणजे आडोशाची मेणबत्ती, तिथे सिलिंडर एक असणे हाच मोठा गुण ठरतो. ब्रिस्टलच्या डग्लस कंपनीची समोरासमोर दोन आडव्या सिलिंडरांची ३५० सीसीची गाडीही सैन्याने फार मोठ्या संख्येने घेतली. ती चालताना ट्रायम्फपेक्षा कितीतरी मऊ, पण तिचे पुढचे सिलिंडर गार राहायचे आणि मागचे तापायचे, अशी तक्रार निरोप्यांकडून येत असे.

प्रतिसाद ७

पेट्रोलविषयी कुणीच लिहिले नाही. त्या काळच्या पेट्रोलचा दर्जा हलका होता. मिश्रण अवेळी पेटून इंजिनाला बसणारा ठोका रोखणारे, पेट्रोलमध्ये मिसळायचे शिशाचे द्रव्य सापडले ते १९२१ मध्ये. म्हणून अशा इंजिनांत मिश्रण फारसे दाबले जात नसे, चार-पाच पटींपर्यंतच. आजचे पेट्रोल ते सहज पेलते. अडचण आहे ती त्यात मिसळलेल्या इथेनॉलची. लाख इथेनॉलमध्ये विरघळते, आणि जुन्या कार्ब्युरेटरांत लाखेचा थर दिलेले बुचाच्या लाकडाचे फ्लोट पुष्कळदा असतात. थर गेला की बूच पेट्रोल पिते, जड होते, बुडते आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. पितळी फ्लोट असेल तर ही चिंता नाही. शिवाय गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते.

प्रतिसाद ८

आपल्या लेखात पुढच्या फोर्काचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा, उल्लेख हवा होता. ट्रायम्फचा फोर्क वर-खाली न होता खालच्या बिजागरीवर पुढे-मागे झुलतो, आणि त्याला आवरणारी आडवी स्प्रिंग हँडलच्या खाली बसवलेली असते. ती स्प्रिंग तुटली तर चाक मागे कोसळू नये म्हणून निरोपे तिथे चामड्याचा पट्टा आवळून बांधत, असे अनेक ठिकाणी नोंदवलेले आहे. आपण पाहिलेल्या गाडीवर तो आहे का? आणि ती थांबते कशी, हेही ऐकायला आवडेल.

धागाकर्त्याचे उत्तर

चामड्याचा पट्टा आहे, आणि तो संग्राहकांनी स्वतः शिवून घेतला आहे. विचारल्यावर कळले की नव्या स्प्रिंगवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, तरीही पट्टा बांधल्याशिवाय ते गाडी बाहेर काढत नाहीत.

थांबण्याबद्दल सांगायचे तर पुढे सायकलीसारखे धावेवर दाबणारे ठोकळे आहेत आणि मागे पट्ट्याच्या कड्यावर आतून दाबणारा एक ठोकळा. पुढच्या ब्रेकने वेग कमी होतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मागचा बरा आहे, ओला नसेल तर. खरा ब्रेक इंजिनच आहे. फेरी मारून परतताना फाटकाच्या बरेच आधी त्यांनी मिश्रणाचा खटका बंद केला, गिअर खाली घेतला आणि ठिणगीचा खटका मागे ओढला. ठोके एकमेकांपासून दूर दूर होत गेले. अगदी शेवटी, गाडी चालण्याच्या वेगावर आल्यावर, त्यांनी झडप उचलणारा खटका दाबला. आतला दाब सुटल्याचा एक हलका उसासा आला आणि इंजिन थांबले. उतरल्यावर त्यांनी पेट्रोलचा नळ बंद केला, मग वाकून इंजिनाच्या पेटीखाली ठेवलेल्या पत्र्याच्या ताटलीत किती तेल पडले ते पाहिले आणि भिंतीवरच्या वहीत आकडा लिहिला. त्या वहीत पहिल्या फेरीपासूनचे सगळे आकडे आहेत.